भाडेवाढीच्या नोटिशीचा तयार नमुना: घ्यावा की नाही?

कोर्टाच्या आसपासच्या टायपिंगवाल्यांकडे, झेरॉक्सच्या दुकानांत आणि नेटवर वर्ड फाइलच्या रूपात भाडेवाढीच्या नोटिशीचा एक तयार नमुना मुंबईत सर्रास मिळतो. शब्द इकडेतिकडे होतात, सांगाडा तोच असतो. वर ‘रजिस्टर्ड ए.डी.ने’, मग ‘सदरहू जागेचे मालक या नात्याने आपणांस कळविण्यात येते की’, मग जुनं भाडं, नवं भाडं आणि तारीख यांच्यासाठी तीन रिकाम्या जागा आणि शेवटी ‘मुदतीत भाडे न भरल्यास जागा खाली करून द्यावी लागेल’ अशी तंबी. स्वतःच्या एकदोन खोल्या किंवा गाळा भाड्याने दिलेला घरमालक वकील न लावता हाच कागद भरून पाठवतो. या कागदाला आम्ही पाचपैकी दोन गुण देऊ. मायना, विषय, सहीची जागा इतकं ठीक आहे. पण ज्यावर सगळं अवलंबून असतं त्या तीन गोष्टी, म्हणजे भाडेकरू कोणत्या प्रकारचा, वाढ कशावर मोजली आणि कागद त्याच्या हातात पडल्याचा पुरावा काय, यांतली एकही हा नमुना विचारत नाही.

पहिला प्रश्न प्रकाराचा. मुंबईत ‘घर भाड्याने दिलंय’ या एका वाक्याखाली निदान तीन वेगळे व्यवहार येतात आणि तिन्हींची नोटीस वेगळी असते.

पागडीचं (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन कमी भाड्यावर कायमचं घेतलेलं) घर, चाळीतली जुनी खोली, वडिलांच्या काळापासून पावती चालू असलेला गाळा, हा पहिला प्रकार. इथे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागतो. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम ११ नुसार घरमालकाला वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. बाजारभाव काहीही असो, वार्षिक वाढीचं माप हेच. हा नमुना खरं तर याच भाडेकरूसाठी आहे, आणि पुढचं बरंचसं परीक्षणही त्याच्याचबद्दल आहे.

दुसरा प्रकार लिव्ह अँड लायसन्सचा. ११, २४ किंवा ३६ महिन्यांचा नोंदणीकृत करार करून फ्लॅट दिलेला असतो. इथे समोरचा माणूस कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, लायसन्सी असतो. तो देतो ते परवाना शुल्क. त्यावर ४ टक्क्यांची मर्यादा नाही, दोघांत जे ठरेल ते. पण एकदा ठरलं की करार संपेपर्यंत तेच. मुदतीच्या मध्येच नोटीस काढून शुल्क वाढवता येत नाही, नोटिशीची भाषा कितीही कडक असली तरी.

तिसरा प्रकार कमी घरमालकांच्या वाट्याला येतो, पण येतो तेव्हा रक्कम मोठी असते. बँक, सार्वजनिक उपक्रम, किंवा एक कोटी रुपये वा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेली कंपनी भाडेकरू असेल, तर कलम ३ प्रमाणे तिला भाडे नियंत्रण कायद्याचं संरक्षण नाही. जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर बँकेची शाखा असते ना, तीच गोष्ट. तिथे ४ टक्क्यांचा नमुना भरून पाठवणं म्हणजे आपण होऊन आपल्यावर मर्यादा घालून घेणं. तिथे मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०६ प्रमाणे महिन्याच्या भाडेकरूला १५ दिवसांची मुदत देऊन भाडेपट्टा संपवायचा आणि त्याच पत्रात नव्या भाड्याचा प्रस्ताव ठेवायचा, ही रीत. हे काम मात्र वकिलाकडूनच करून घ्यावं. रक्कम मोठी असते आणि एका चुकीच्या शब्दाने भाडेपट्टा संपला की चालू राहिला यावर वर्षानुवर्षं वाद चालतो.

आता पहिल्या प्रकाराकडे, पागडीच्या खोलीकडे. तयार नमुन्यात ‘सध्याचे भाडे रु. ____’ अशी एकच जागा असते आणि घरमालक तिथे पावतीवरची बेरीज लिहून मोकळा होतो. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक ही. पावतीवरच्या रकमेत मूळ भाडं असतं, दुरुस्ती उपकर (जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी पालिकेच्या बिलातून घेतला जाणारा कर) असतो, मालमत्ता करातला वाटा असतो, पाणीपट्टी असते. ४ टक्के फक्त मूळ भाड्यावर लागतात. उदाहरणादाखल एक पावती घ्या: मूळ भाडं ८५० रुपये, दुरुस्ती उपकर २१०, मालमत्ता कराचा वाटा १२०, पाणी ६०, एकूण १,२४०. बेरजेवर ४ टक्के काढले तर ४९ रुपये ६० पैसे येतात. खरी वाढ ८५० वर, म्हणजे ३४ रुपये. महिन्याला १५ रुपये ६० पैसे जास्त, वर्षाला १८७ रुपये २० पैसे. एवढ्याशा रकमेने काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं की कायद्याने दिली त्याहून जास्त मागणी आपल्याच सहीने लेखी झाली. उद्या थकबाकीचा दावा लावायची वेळ आली की भाडेकरूचा वकील पहिल्यांदा हाच कागद पुढे करतो.

कर आणि उपकर वाढले तर ती वाढ वसूल करण्याची वाट वेगळी आहे, कलम १२ ची. तिथे टक्का नसतो. पालिकेने वाढवला तेवढाच पैसा, या खोलीच्या वाट्याला येईल तेवढा. मालमत्ता कराचं बिल सहामाही येतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. त्यामुळे जुन्या आणि नव्या बिलाच्या झेरॉक्स जोडून फरक दाखवणं सोपं आहे. इमारत उपकरप्राप्त असेल, म्हणजे शहर भागातली ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीची आणि म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाच्या कक्षेतली, तर दुरुस्ती उपकराचा आकडा त्याच बिलात सापडतो. नोटिशीत ही ओळ स्वतंत्र हवी. तयार नमुन्यात ती नाही.

खोली सुधारून दिली, काही नवी सोय केली म्हणून वाढ हवी असेल तर तिचाही नियम वेगळा आहे. ७० टक्के भाडेकरूंची लेखी संमती आधी घ्यावी लागते आणि वाढीला खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांची मर्यादा आहे. नेहमीची दुरुस्ती यात धरता येत नाही. गळतं छप्पर नीट करणं हे कलम १४ प्रमाणे घरमालकाचं कर्तव्यच आहे, त्यासाठी भाडं वाढवून मागता येत नाही. काही नमुन्यांत ‘इमारतीच्या वाढत्या देखभाल खर्चामुळे’ असं वाक्य तयार टाकलेलं असतं. ते खोडून टाका. ४ टक्के वाढीसाठी कारण द्यावंच लागत नाही. कारण दिलं की त्यावर प्रश्न येतात, आणि ‘देखभाल कुठे केलीत ते दाखवा’ हा पहिला येतो.

४ टक्के हा आकडा कुठून आला हे ठाऊक असलं तर नोटिशीतला सूर आपोआप ताळ्यावर राहतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने मुंबईतली भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून ठेवली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असं भाडं कायमचं गोठवून ठेवणं अवाजवी ठरवलं आणि त्यानंतर १९९९ चा कायदा आला. त्याने १ ऑक्टोबर १९८७ ही तारीख आणि ५ टक्क्यांची भर यांच्या आधारे प्रमाण भाडं, म्हणजे कायद्याने मान्य केलेलं भाडं, ठरवलं आणि पुढे दरवर्षी ४ टक्के दिले. आज पागडीच्या खोलीचं भाडं किती हास्यास्पद वाटतं ते घरमालकाला सांगायला नको, पण तो राग कागदावर उतरवून वाढ मिळत नाही. नोटीस काढण्याआधी जुन्या पावत्यांवरून मूळ भाड्याचा पाया कोणता ते तपासून घ्या. पायाच चुकला तर त्यावरचे ४ टक्केही चुकतात.

मग येतो राहून गेलेल्या वर्षांचा प्रश्न. कित्येक घरमालकांनी पाच-दहा वर्षं वाढ केलेलीच नसते आणि एकदम जागे होतात. नमुन्यात एकच ‘नवे भाडे’ लिहायचं असल्यामुळे ते सगळं जोडून एक आकडा टाकतात आणि भाडेकरूला तो आकडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. मूळ भाडं ५०० आणि पाच वर्षं वाढ नाही असं धरा. साध्या पद्धतीने दरवर्षी २० रुपये, म्हणजे ६००. चक्रवाढ धरली तर ५२०, ५४०.८०, ५६२.४३, ५८४.९३ आणि शेवटी ६०८.३३. फरक आठ रुपये तेहतीस पैशांचा. आमचं मत स्पष्ट आहे: साधी वाढ धरा, वर्षवार तक्ता नोटिशीला जोडा, आणि नवं भाडं येणाऱ्या तारखेपासूनच मागा. मागल्या पाच वर्षांचा फरक थकबाकी म्हणून मागणं टाळा. जी वाढ कधी कळवलीच नाही तिची थकबाकी मागितली की सरळ चाललेली गोष्ट भांडणावर येते.

आकडा पूर्णांकात आणायचा मोहही टाळावा. ८५० चे ८८४ होतात ते बरोबर जमतात, पण पुढच्या वर्षी ८८४ चे ९१९.३६ होतात. ते ९२० लिहिले की ४ टक्क्यांची मर्यादा ओलांडली. ९१९ लिहा. पैसे नेहमी खालच्या बाजूला सोडायचे.

नाव आणि पत्ता या दोन जागा नमुन्यात आहेत, पण त्या कशा भरायच्या याबद्दल तो गप्प आहे. पावतीवरचं नाव जसंच्या तसं घ्यायचं. चाळीत अनेकदा पावती अजून आजोबांच्या नावे चालू असते आणि आजोबांना जाऊन वीस वर्षं झालेली असतात. मयत माणसाच्या नावे काढलेली नोटीस काय कामाची? अशा वेळी ‘(मूळ भाडेकरूचे नाव) यांचे वारस’ एवढ्यावर न थांबता आज खोलीत राहणाऱ्या प्रत्येक वारसाचं नाव लिहा. पत्त्यात खोली नंबर, मजला, इमारतीचं नाव, गल्ली, पिनकोड आलाच पाहिजे. दादर पूर्व ४०००१४ आणि दादर पश्चिम ४०००२८, यांत गफलत झाली तर पाकीट भलत्याच पोस्टात जातं. जागेचं वर्णन वेगळ्या ओळीत द्या, त्यात सी.एस. नंबर (जमिनीचा भूमापन क्रमांक) आणि वॉर्ड घाला. खोलीला पोटमाळा किंवा मोरी जोडलेली असेल तर तीही पावतीत आहे तशी लिहा.

सही कोणाची? इमारत एकट्याच्या नावे असेल तर प्रश्न नाही. भावंडांच्या नावे असेल तर सगळ्यांची, नाहीतर एकाला दिलेल्या कुलमुखत्यारपत्राची तारीख नोटिशीत नमूद हवी. भाडं गोळा करणाऱ्या मेहताजींच्या सहीवर नोटीस काढू नये. पावतीवर त्यांची सही चालत आली असली तरी भाडेवाढीला ‘मालकाने सांगितलंच नव्हतं’ असं उत्तर येऊ शकतं.

नमुन्याचा सगळ्यात वाईट भाग शेवटचा, ती तंबी. ‘१५ दिवसांत जागा खाली करावी’ हे वाक्य पागडीच्या भाडेकरूपुढे निव्वळ पोकळ आहे. कलम १५ असं सांगतं की भाडेकरू प्रमाण भाडं आणि अनुज्ञेय (कायद्याने परवानगी दिलेली) वाढ द्यायला तयार आहे तोवर त्याला काढता येत नाही. थकबाकी असली तरी आधी लेखी मागणी करायची, ती बजावल्यापासून ९० दिवस थांबायचं, मगच लघुवाद न्यायालयात दावा. दावा लागल्यावरसुद्धा समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, त्यावर १५ टक्के सरळव्याज आणि दाव्याचा खर्च भरला आणि दावा चालू असेपर्यंत भाडं नियमित दिलं, तर त्याची जागा वाचते. म्हणून भाडेवाढीची नोटीस आणि थकबाकीची मागणी नोटीस हे दोन वेगळे कागद ठेवायचे. तयार नमुना दोन्ही एकत्र कालवतो. वाढ कळवायची तर फक्त वाढ कळवा.

भाषेचंही तसंच. ‘सदरहू इसम’, ‘तद्नंतर’, ‘उपरोक्त नमूद’ असल्या शब्दांनी कागदाला वजन येत नाही. सत्तरीच्या भाडेकरूला पहिल्या वाचनात आकडा आणि तारीख कळली पाहिजे. कायद्याने या नोटिशीला ठरावीक फॉर्म दिलेला नाही, त्यामुळे साधं मराठी पूर्ण चालतं. नोटिशीला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरीही लागत नाही. कोणी ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर टाइप करून देतो म्हणालं तर ते पैसे वाचवा. साधा ए-फोर कागद पुरतो.

तयार नमुन्याऐवजी आम्ही हा मजकूर वापरायला सांगू. पागडीच्या किंवा जुन्या भाडेकरूसाठीच:

दिनांक: ५ मे (वर्ष)
प्रति: (पावतीवरील पूर्ण नाव, मयत असल्यास आज राहणाऱ्या वारसांची नावे), खोली क्र. __, __ मजला, (इमारत), (गल्ली व विभाग), मुंबई ४०० ___.
विषय: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ११ (१) नुसार वार्षिक भाडेवाढ.
आपण वरील खोलीचे मासिक भाडेकरू आहात. आजचे मूळ मासिक भाडे रु. ८५० आहे (पावती क्र. __, दिनांक __). या रकमेत दुरुस्ती उपकर, मालमत्ता कर व पाणीपट्टी यांचा समावेश नाही. यापूर्वीची भाडेवाढ दिनांक __ रोजी लागू झाली होती.
मूळ भाड्यावर ४ टक्के वाढ, म्हणजे रु. ३४, दिनांक १ जुलै (वर्ष) पासून लागू होईल. त्या तारखेपासून मूळ मासिक भाडे रु. ८८४ राहील. उपकर, कर व पाणीपट्टी यांच्या रकमा आजच्याप्रमाणेच राहतील.
भाडे नेहमीच्या पद्धतीने, किंवा (बँक खात्याचा तपशील) येथे भरावे. प्रत्येक भरण्याची पावती दिली जाईल.
हिशेबाबाबत काही म्हणणे असल्यास लेखी कळवावे.
(सर्व मालकांच्या सह्या, नावे, पत्ता, फोन)

तारखांचा हिशेब मुद्दाम असा ठेवला आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पाकीट टाकलं, पोचायला काही दिवस गेले, तरी भाडेकरूच्या हातात पूर्ण एक महिना राहतो आणि वाढ १ तारखेपासून सुरू होते. मधल्याच तारखेपासून वाढ सुरू केली तर त्या महिन्याचे तुकडे करून हिशेब करावा लागतो आणि पावती गोंधळाची होते. आधीच्या वाढीची तारीख लिहायची ती यासाठी की बारा महिने झाले आहेत हे कागदावरच दिसावं. ‘पावती दिली जाईल’ ही ओळही शोभेची नाही. पावती देणं कायद्याने बंधनकारकच आहे, आणि वाढीव रकमेची पावती भाडेकरूने एकदा घेतली की वाढ मान्य असल्याचा त्याहून सरळ पुरावा नाही.

आता बजावणी. तयार नमुन्याच्या माथ्यावरचं ‘रजिस्टर्ड ए.डी.’ आज जुनं झालं आहे. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट ही सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली. म्हणून काउंटरवर नुसतं ‘स्पीड पोस्ट करा’ म्हणू नका. स्पीड पोस्ट आणि सोबत रजिस्ट्रेशनची सुविधा मागा, म्हणजे पाकीट ज्याच्या नावे आहे त्याच्याच हातात दिलं जातं. पोचपावतीची सोयही त्याच वेळी घ्या. या दोन्हींसाठी थोडा जादा आकार पडतो, पण टपाल या कामाला अजूनही सर्वांत भरवशाचं आहे असं आमचं मत. पावतीवर नाव आणि पिनकोड नीट उमटले आहेत का ते काउंटरवरच पाहून घ्या. पाकीट पोचल्याची ट्रॅकिंगची नोंद वेबसाइटवर काही काळाने दिसेनाशी होते, तेव्हा ती लगेच छापून नोटिशीच्या प्रतीला टाचून ठेवा.

हाती देणंही चालतं, आणि चाळीत तेच जास्त सोयीचं पडतं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०६ नुसार नोटीस भाडेकरूच्या हातात, किंवा त्याच्या घरी कुटुंबातल्या कोणाच्या किंवा नोकराच्या हातात देता येते. दुसऱ्या प्रतीवर घेणाऱ्याचं नाव, नातं, तारीख आणि सही हवी; नुसतं ‘मिळाली’ पुरत नाही. दारावर चिकटवणं हा शेवटचा मार्ग. बाकीचे जमले नाहीत तरच तो चालतो, आणि तेव्हा दोन साक्षीदार आणि तारखेसह फोटो हवेत. व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायला हरकत नाही, भाडेकरूला लवकर कळतं. पण फक्त व्हॉट्सअॅपवर विसंबून राहू नये.

पाकीट ‘घेण्यास नकार’ किंवा ‘दार बंद, सूचना दिली’ असा शेरा मारून परत आलं तर ते उघडू नका. ही एक गोष्ट ठळक लिहून ठेवा. बंद पाकीट, त्यावरचा पोस्टमनचा शेरा आणि शिक्का, हाच पुरावा आहे. फोडलं की आत नक्की काय होतं ते सिद्ध करणं अवघड. पत्ता बरोबर असेल आणि आकार भरलेला असेल तर नकार दिलेलं टपाल पोचलंच असं न्यायालय धरतं.

भाडेकरू वाढ न देता जुनंच भाडं भरत राहिला तर? चेक परत करू नका, भांडू नका. आलेली रक्कम घ्या, आणि पावतीवर ‘रु. ८५० मिळाले, दिनांक १ जुलैपासून मासिक रु. ३४ बाकी, हक्क राखून’ असं लिहा. दर महिन्याला. पाणी किंवा वीज तोडणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि असा एक प्रकार घडला की बिनचूक नोटिशीचंही बळ निघून जातं. उलट भाडेकरूचं उत्तर बहुतेक वेळा दुरुस्तीबद्दल येतं: छत गळतं, जिना मोडला, मग वाढ कशाची? या दोन गोष्टी कायद्याने एकमेकींवर अवलंबून नाहीत, पण घरमालकाने दुरुस्ती टाळली तर १५ दिवसांची नोटीस देऊन भाडेकरूंना ती स्वतः करता येते आणि खर्च भाड्यातून, वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत, वळता करता येतो. तेव्हा नोटीस पाठवण्याआधी जिना एकदा स्वतः चढून पाहावा.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी हा नमुना शून्य गुणांचा आहे. एवढंच नाही, तर तो नुकसान करतो. त्यात ‘भाडेकरू’ आणि ‘भाडे’ हे शब्द पदोपदी आहेत. लायसन्सीला असा कागद दिला की आपणच त्याला भाडेकरू म्हटल्यासारखं होतं. करार संपल्यावर तो राहिला तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन जागा परत मागता येते आणि राहिलेल्या काळासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. करार संपून गेल्यावर ‘पुढील महिन्यापासून भाडे ४५,०००’ अशी नोटीस देणारा घरमालक ही भक्कम जागा आपण होऊन सोडतो.

तिथे वाढीचं काम करारातच करायचं असतं. नोंदणीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कालावधीप्रमाणे वेगवेगळं शुल्क भरता येतं. ३६ महिन्यांचा करार, पहिल्या वर्षी महिना ४०,०००, दुसऱ्या वर्षी ४२,०००, तिसऱ्या वर्षी ४४,१००, परत करायची अनामत दीड लाख, असं उदाहरण घ्या. शुल्काची बेरीज १५,१३,२००. अनामतीवर वर्षाला १० टक्के कल्पित व्याज, तीन वर्षांचं ४५,०००. एकूण १५,५८,२०० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ३,९०० रुपये. वर महापालिका हद्दीतली नोंदणी फी १,००० आणि ऑनलाइन दस्त हाताळणी आकार. एकदा एवढं केलं की तीन वर्षं नोटिशीची गरज उरत नाही. वाढीची तारीख आणि रक्कम दोघांच्या अंगठ्यांसह नोंदवलेली असते. ‘दरवर्षी परस्पर संमतीने वाढ’ असं मोघम लिहिणारे एजंट आहेत. तसं लिहू देऊ नका, संमती झाली नाही तर वाढच होत नाही. आकडा हवा.

करार संपत आला की नोटिशीऐवजी नूतनीकरणाचं पत्र द्या, मुदतीच्या दोन महिने आधी. जुन्या दस्ताचा क्रमांक, संपण्याची तारीख, प्रस्तावित शुल्क आणि अनामत, उत्तराची शेवटची तारीख, आणि ‘नवा करार नोंदला गेला नाही तर ठरल्या दिवशी जागा रिकामी करून द्यावी’ हे एक वाक्य. इथे ते वाक्य योग्य आहे, पागडीच्या नोटिशीत नव्हतं.

मग तयार नमुना घ्यावा का? टाइप करून घ्यायला हरकत नाही, ते श्रम वाचतात. पण टायपिंगवाल्याच्या कॉम्प्युटरमधला मजकूर न घेता वरचा मजकूर त्याच्यापुढे ठेवा, मूळ भाड्याचा आकडा स्वतः काढून न्या, आणि दोन प्रती काढा: एक पाकिटात, दुसरी गेल्या दोन वर्षांच्या पावत्या आणि पालिकेच्या बिलासोबत त्या खोलीच्या फाइलमध्ये. पुढच्या वर्षी त्याच फाइलमधून ८८४ हा आकडा उचलायचा आहे.